जासूद देवाशी खोटं बोलायचा का? ठाण्याच्या खाडीकाठावरून एक प्रश्न

खाडीकाठ (कळवा)

रोज सकाळी कळव्याहून पूल ओलांडून ठाण्यात येते. पूल संपता संपता मध्यवर्ती कारागृहाची भिंत लागते. बसमधल्या बहुतेकांना ती फक्त जेलची भिंत वाटते, पण तो ठाण्याचा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला आणि पुरा व्हायच्या आत १७३७ साली मराठ्यांनी घेतलेला.

संध्याकाळी मी नऊ ते चौदा वयाच्या मुलांना लाठी आणि दांडपट्टा शिकवते. पट्टा प्रत्यक्ष हातात यायला दोन वर्षं जातात. तोवर पवित्रा, पाय आणि नजर. खोबळ्यात, म्हणजे पट्ट्याच्या लोखंडी हातमोज्यासारख्या मुठीत, हात घातला की मनगट बांधलं जातं आणि पातं फिरवायचं ते खांद्याने आणि कमरेने. नवखं मूल मनगटाने झटका द्यायला जातं आणि पातं स्वतःच्याच पोटरीकडे वळतं, म्हणून आधी बोथट पट्टीवर सराव. पट्टा उचलण्याआधी आणि ठेवल्यावर नमस्कार, हा नियम मला माझ्या वस्तादांनी घालून दिला, तोच मी पुढे चालवते.

हाताइतकीच नजरेचीही तालीम घेते. मुलांना पुलावरून चालवत आणायचं आणि मैदानावर आल्यावर विचारायचं: होड्या किती होत्या? किती नांगरावर, किती चालत्या? पाणी चढत होतं की उतरत होतं? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांचा चुकतो. मग मी त्यांना १७३७ सांगते. खाडीपलीकडचं ठाणं घ्यायचं तर तोफांच्या आधी पाणी कळायला हवं. भरती कधी, ओहोटीला चिखल कुठे गुडघाभर नि कुठे कमरेइतका, कोट कुठे अजून चढलेला नाही, पहाऱ्यावर कोण, दारूगोळा किती. हे पुण्यात बसून कळत नाही. साष्टीतल्या, म्हणजे ठाणं ज्या बेटावर आहे तिथल्या, माणसांनीच ते कळवायला हवं.

ती माणसं होती. भिवंडीजवळच्या अणजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ, मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे. पोर्तुगीज अमलात देवाधर्माची उघड कामं करणं अवघड झालेलं, इन्क्विझिशनची, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाची, दहशत. या लोकांनी वर्षानुवर्षं पुण्याला खेटे घातले, बातम्या दिल्या, पेशव्यांना या मोहिमेवर उभं केलं. साष्टीच्या बखरीत अणजूरकरांची ही धडपड आहे. अणजूरच्या वाड्यात आजही सिद्धिविनायक आहे आणि घराण्याची परंपरा त्याचं नातं चिंचवडच्या देव घराण्याशी सांगते. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत वज्रेश्वरीला नवस केला आणि मे १७३९ मध्ये वसई पडल्यावर देवीचं देऊळ बांधलं, हे तर आपल्याकडे पायऱ्या चढणारं पोरही सांगतं.

मागच्या आठवड्यात मुलांना जासुदांच्या, म्हणजे हेरांच्या, वेषांबद्दल सांगत होते. गोसावी, फकीर, वासुदेव, गोंधळी. अकरा वर्षांच्या एका मुलाने हात वर केला. "ताई, गोसावी नसताना गोसाव्याचे कपडे घातले, देवाचं नाव घेत भिक्षा मागितली, म्हणजे तो देवाशी खोटं बोलला ना?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या शनिवारी सांगते म्हटलंय. तलवार चालवणाऱ्याची श्रद्धा मला कळते. तो कपाळाला भंडारा लावून, मोठ्याने गर्जना करून जातो. जासुदाला तेही नाही. त्याने आपली श्रद्धा कुठे ठेवायची? इथे वाचणारी, अनुभवी माणसं आहेत म्हणून विचारते.

भूर्जपत्र (वाशी)

फार चांगला प्रश्न, आणि तुमच्या विद्यार्थ्याला शाबासकी द्या.

कौटिल्याने हा प्रश्न विचारलेलाच नाही, इतका तो निर्धास्त आहे. अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात गूढपुरुषांचे, म्हणजे हेरांचे, प्रकार आहेत. एका जागी बसून काम करणारे पाच: कापटिक म्हणजे विद्यार्थ्याच्या वेषातला, उदास्थित म्हणजे संन्यास सोडलेला, गृहपतिक शेतकरी, वैदेहक व्यापारी आणि तापस. फिरते चार: सत्री म्हणजे राज्याने वाढवून तयार केलेला अनाथ, तीक्ष्ण म्हणजे जिवावर उदार मारेकरी, रसद म्हणजे विष घालणारा, आणि भिक्षुकी म्हणजे संन्यासिनी. नवांपैकी तीन सोंगं थेट धर्माशी जोडलेली.

तापसाचं वर्णन वाचून अंगावर काटा येतो. मुंडण केलेला किंवा जटाधारी, नगराजवळ खूप शिष्य घेऊन बसलेला. लोकांसमोर महिन्या-दोन महिन्यांनी एकदा मूठभर भाजीपाला किंवा गवत खायचं आणि लपून हवं ते जेवायचं. शिष्यांनी गावभर सांगत सुटायचं की महाराज सिद्ध आहेत, भविष्य सांगतात. लोक आपल्या घरातल्या गोष्टी आपणहून आणून देतात.

कौटिल्याच्या लेखी श्रद्धा ही लोकांची तोंडं उघडायची किल्ली आहे. त्या तापसाच्या स्वतःच्या श्रद्धेबद्दल तो अक्षरही लिहीत नाही. मला वाटतं, मुलाचा प्रश्न नेमका तिथे बोट ठेवतो. तुम्ही सांगितलेले अणजूरकर या चौकटीत बसत नाहीत. त्यांना वेष घ्यावा लागला असेल, नसेल, पण बातमी देण्याचं कारणच त्यांचा देव होता. पगारी गूढपुरुष आणि हे लोक यांच्यात मी मोठा फरक करतो.

याच ग्रंथातली एक गोष्ट मात्र मुलांना नक्की शिकवा. तिघांनी एकमेकांना न कळत आणलेली बातमी जुळली तरच विश्वास ठेवायचा. तुमच्या पुलाच्या खेळात तीन मुलांना वेगवेगळं विचारून बघा.

खाडीकाठ (कळवा)

तीन मुलांचं आजच केलं. होड्यांचे आकडे तीन वेगवेगळे! पण पाणी उतरत होतं हे तिघांनीही बरोबर सांगितलं.

पगारी आणि श्रद्धेपोटी काम करणारे, हा फरक पटतो, पण पूर्ण नाही. सभासदाच्या बखरीत सुरतेच्या प्रसंगी बहिर्जी येतो, सुरतेत किती द्रव्य आहे ते महाराजांना सांगतो. जानेवारी १६६४. तो चाकरीतला माणूस, जासुदांचा नाईक. म्हणून त्याची निष्ठा कमी कशी म्हणायची? सुरतेत विरजी व्होऱ्यासारख्या सावकारांची घरं नेमकी हेरून गाठली गेली, ती कुणाच्या तरी अनेक आठवड्यांच्या एकट्या भटकंतीमुळेच. पकडला असता तर कुणी ओळखही दिली नसती.

सह्यगस्त (घणसोली)

ताई, मी हेर नव्हतो, पायदळातला माणूस. मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार म्हणून निवृत्त झालो. पण गप्प राहायची नोकरी केली आहे, तेवढ्यापुरतं सांगतो.

बेळगावला रंगरूट असताना पहिल्यांदा शिकवलं की वस्तू दिसते का. आकार, सावली, चमक, हालचाल, आकाशावर उठणारी बाह्यरेषा. उस्ताद समोरच्या उतारावर चार जवान लपवायचे आणि आम्ही अर्धा तास बघत बसायचो, एकही सापडायचा नाही. मग ते एकाला म्हणायचे, फक्त मनगटावरचं घड्याळ उघडं कर. लगेच दिसायचा. तेव्हापासून आजही मी कुठे बसलो की आधी माझी सावली कुठे पडलीय ते बघतो. बायको हसते.

पुढे काश्मीरमध्ये रात्री लिसनिंग पोस्टवर बसलो. दोघं-तिघं पुढे जाऊन जमिनीला चिकटून पडायचं आणि ऐकायचं. बोलायचं नाही, खोकायचं नाही. खोकला आवरायला गालात लवंग धरायची. दोघांच्या मनगटाला दोरी बांधलेली. एक हिसका म्हणजे जागा आहेस ना, दोन म्हणजे हालचाल आहे. घड्याळ बघायची चोरी, रेडियमचा उजेडसुद्धा नको. वेळ कळणार कशी?

मी भीमरूपी म्हणायचो. मनात, ओठ न हलवता. माझ्या गतीने एक आवर्तन साधारण तीन मिनिटांचं. वीस झाली की तास. प्रत्येक आवर्तनाला एक बोट मिटायचं, हातमोज्याच्या आत. शेजारी पडलेला जवान कोल्हापूरकडचा मुसलमान. त्याने नंतर सांगितलं की तोही मनात काहीतरी पढत असतो आणि त्याचंही गणित बोटांवरच चालतं. पलटणीत मंदिर परेड असते, धर्मगुरू असतात, सर्वधर्म स्थळाच्या एकाच छपराखाली सगळे उभे राहतो. तिथे मोठ्याने आरती होते. आमच्या रेजिमेंटची घोषणा तुम्हाला माहीत आहे, बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय. ती देताना छाती भरून येते. पण खरं सांगू का, मला माझा मारुती मोठ्या आवाजातल्या आरतीपेक्षा त्या गप्प रात्रींत जास्त भेटला. तिथे दाखवायला कुणी नव्हतं.

त्या पोराला माझ्याकडून एवढं सांगा, की देव ऐकायला आवाज लागत नाही.

चाफेकळी (ऐरोली)

सह्यगस्त काका, वीस आवर्तनांचा तास वाचून थांबून राहिले. धन्यवाद.

मला या प्रश्नावर सारखी नूर इनायत खान आठवते. वडील हजरत इनायत खान, बडोद्यात १८८२ मध्ये जन्मलेले गवई आणि सूफी गुरू. गायकवाडांच्या बडोद्यातले, म्हणजे आपल्या अगदी शेजारचे. घराण्याचं नातं टिपू सुलतानापर्यंत जातं. नूर १९१४ मध्ये मॉस्कोत जन्मली, पॅरिसमध्ये वाढली. वीणा वाजवायची. मुलांसाठी जातककथा इंग्रजीत लिहिल्या, त्या १९३९ मध्ये छापल्या गेल्या. अहिंसा आणि खरेपणा हे घरातलं वळण.

आणि ही मुलगी ब्रिटनच्या गुप्त संघटनेत वायरलेस ऑपरेटर झाली. प्रशिक्षणातल्या खोट्या चौकशीत, म्हणजे मध्यरात्री उठवून डोळ्यांवर दिवा मारून प्रश्न विचारतात त्यात, ती पार घाबरून गेली होती. ती या कामाला योग्य नाही असं शिक्षकांपैकी काहींचं मत होतं. तरी जून १९४३ मध्ये तिला फ्रान्समध्ये उतरवलं. थोड्याच दिवसांत पॅरिसमधलं जाळं फुटलं, माणसं धरली गेली. परत ये म्हटल्यावर तिने नकार दिला, कारण संदेश पाठवणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. जड सेट पेटीत घेऊन घरं बदलत ती ऑक्टोबरपर्यंत टिकली.

मग पकडली गेली. मुलाला सांगण्यासारखं आहे ते इथून पुढे. जर्मनांना तिने स्वतःचं नाव नोरा बेकर सांगितलं. बेकर हे आईचं माहेरचं नाव. म्हणजे खोटं बोलली. सहकाऱ्यांबद्दल काही सांगितलं नाही. छपरावरून पळून जाताना पुन्हा सापडली. तेव्हा तिच्यासमोर कागद ठेवला: यापुढे पळणार नाही असं वचन लिहून दे. ती सही करून पुन्हा पळू शकली असती. तिने सही नाकारली. त्यासाठी जर्मनीतल्या तुरुंगात महिनोन्‌महिने साखळदंडात राहिली आणि १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊला तिला गोळी घातली.

नाव खोटं सांगितलं, पण वचन खोटं दिलं नाही. या दोन्हींत फरक तिने कुठे केला असेल याचा मी वर्षानुवर्षं विचार करते. मला वाटतं, नाव हा वेष होता. वचन ती स्वतः होती.

तालमीच्या बाजूनेही एक बोलायला हवं. पाठवलेल्या संदेशांची नोंद तिने वहीत ठेवली होती आणि ती वही शत्रूच्या हाती लागली. तिच्या सेटवरून जर्मनांनीच खोटे संदेश लंडनला पाठवले, त्यातून पुढे माणसं गेली. सूचना नीट समजावली गेली नाही, असं त्यावर म्हटलं जातं. श्रद्धेने माणूस छळात टिकतो, पण वही जाळायची की ठेवायची हे तालमीतच पक्कं व्हावं लागतं. तुमचे 'दोन वर्षं बोथट पट्टी' वाचून हेच मनात आलं.

बेलपान (सीबीडी बेलापूर)

आमच्या किल्ल्याचंही नाव घ्या! बेलापूरचा किल्ला चिमाजी अप्पांच्याच मोहिमेत मराठ्यांकडे आला. किल्ला मिळाला तर अमृतेश्वराला बेलाचा हार वाहीन असा नवस केला, म्हणून बेलापूर नाव पडलं, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. पोर्तुगीज किल्ल्याला शाबाजवरून नाव देत, ते शहाबाज गाव अजून आहेच. नावाची गोष्ट लोककथा म्हणून घ्या, पण नवस आणि मोहीम जोडीने चालायचे हे त्यातून दिसतं. गोवर्धनी मातेच्या देवळापाशी उभं राहिलं की खाडीचं तोंड दिसतं आणि किल्ला इथे का हे कुणी न सांगता कळतं. आता बुरूज ढासळत चाललेत, झाडांच्या मुळ्यांनी दगड सुटलेत. दरवेळी गेलं की पोटात कालवतं.

भूर्जपत्र (वाशी)

चाफेकळी ताई, "नाव हा वेष, वचन ती स्वतः" हे वाचून माझा आधीचा प्रतिसाद मला कोरडा वाटायला लागला. पगारी आणि श्रद्धेपोटी असा मी केलेला फरक मागे घेतो.

खाडीकाठ ताई, बातमीदाराच्या हेतूबद्दल ठाण्याचाच एक प्रसंग. मराठ्यांनी ठाणं घेतल्यावर पोर्तुगीजांनी ते परत घ्यायचा घाट घातला. त्याची आगाऊ बातमी मराठ्यांना मुंबईच्या इंग्रजांनी दिली आणि हल्ला फसला. त्यांना आपल्या देवाधर्माशी देणंघेणं नव्हतं, शेजारी पोर्तुगीज नकोत एवढंच. त्याच इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरात हाच किल्ला मराठ्यांकडून घेतला. तेव्हा बातमी खरी निघाली म्हणून बातमी देणारा आपला होतो असं नाही. मुलं मोठी झाली की हेही सांगा.

रानवाट (कोपरी, मूळ अकोले)

चर्चा चार दिवस वाचतोय. लिहावं की नको करत होतो, पण ठाण्याच्या जेलच्या भिंतीने सुरुवात झाली आहे आणि त्या भिंतीच्या आतलं आमचं माणूस कुणीच काढलं नाही म्हणून लिहितो.

राघोजी भांगरे. आमच्या तालुक्यातल्या देवगावचे, महादेव कोळी समाजातले. इंग्रजांविरुद्ध आणि सावकारांविरुद्ध उठाव केला. सह्याद्रीच्या घाटवाटा, कपारी, कुठल्या पाड्यात पाणी आणि कुठल्या पाड्यात शिपाई, ही सगळी बातमी त्यांच्याकडे असायची, कारण रान आपलं होतं. इंग्रजांनी बक्षीस लावलं, तुकड्या पाठवल्या. रानात ते हाती लागले नाहीत.

लागले ते पंढरपुरात. जानेवारी १८४८. गोसाव्याच्या वेषात होते असं आमच्याकडे म्हातारी माणसं सांगतात. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. पुढे १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांनाही तिथेच.

आमची आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा आम्ही पोरं विचारायचो, एवढा हुशार माणूस, डोंगर सोडून पंढरपुरात कशाला गेला? तिथे तर गर्दी, ओळखणारे लोक. ती म्हणायची, "अरं, वेष गोसाव्याचा व्हता, पर भूक इठोबाची खरी व्हती." इतिहासकार दुसरी कारणं देतील, द्यावीत. मी आजीचं सांगितलं. ताई, तुमच्या पोराने विचारलं की खोटे कपडे घातले म्हणजे देवाशी खोटं बोलला का. आमच्या राघोजींनी बाहेरून सोंग घेतलं आणि आतून दर्शनालाच गेले, असं आमच्या घरात मानतात. मी जेलच्या बाजूने जाताना चप्पल काढू शकत नाही, रस्ता आहे, गाड्या असतात. हात मात्र आपोआप छातीशी जातो.

सह्यगस्त (घणसोली)

रानवाट दादा, इतकी वर्षं त्या रस्त्याने गेलो, मला हे माहीत नव्हतं. आता माझाही हात जाईल.

चाफेकळी (ऐरोली)

आजीचं वाक्य वहीत लिहून ठेवलं. भूक इठोबाची खरी व्हती.

खाडीकाठ (कळवा)

काल शनिवार होता. मुलांना गोल बसवलं आणि तुम्हा सगळ्यांचं सांगितलं. काकांची वीस आवर्तनं, नूरने न केलेली सही, राघोजींची पंढरी. भूर्जपत्रांचा गवत खाणारा तापसही सांगितला, कारण खोटं सोंगही असतं हे लपवायचं नव्हतं. ज्याने प्रश्न विचारला होता तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे ताई, कपड्यांवरून नाही कळणार. पकडल्यावर कळणार." मी पुढे काही जोडलं नाही.

नंतर सगळ्यांनी पट्ट्याला नमस्कार केला. त्या मुलाने डोळे मिटून नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. काय म्हणाला ते विचारलं नाही.

मुलांना येत्या रविवारी नेणार आहे: आधी जेलच्या भिंतीजवळून पायी, मग अणजूर, मग वज्रेश्वरी. काका, रानवाट दादा, तुम्ही दोघं आलात तर भिंतीपाशी तुम्हीच बोला. भूर्जपत्र आणि चाफेकळी, तुम्हीही या. कळव्याच्या पुलावर सकाळी साडेसहाला. पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या आणा.

सह्यगस्त (घणसोली)

सव्वासहालाच पोचतो. पाणी चढतंय की उतरतंय ते या वेळी मी मुलांच्या आधी सांगणार नाही.